एकदाच बोलणाऱ्यांचं गाव

नमकसरच्या माणसाला ‘जेवून जा’ म्हणू नये, तो लगेच बूट काढतो, असं आम्ही काशानचे लोक लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गालिचेवाल्या हूशंगने तर हे आपल्या मुलांनाही शिकवलं होतं. आणि तरीही त्या शुक्रवारी दुपारी त्यानेच दार उघडलं आणि त्यानेच ती चूक केली.

रहमतआगा फक्त उत्तर न्यायला आला होता. नमकसरच्या आरोग्य केंद्राची जीप औषधं घ्यायला काशानला आली होती, ती उन्हं कलल्यावर परत निघणार होती, आणि हूशंगची भावजय माहरुख तिकडे सुईण म्हणून येणार की नाही, एवढंच त्याला हवं होतं. उंबऱ्यात उभ्या उभ्या हो किंवा नाही मिळालं असतं तरी तो खूश होऊन गेला असता.

“असं दारातून कसं जाल, आगा?” हूशंग म्हणाला. “आत या, जेवूनच जा.”

“बरं,” रहमतआगा म्हणाला आणि बूट काढायला खाली बसला.

आमच्याकडे पहिलं ‘या’ नुसतं म्हणायचं असतं. दुसरं पाहुण्याने नाकारायचं असतं. तिसरं खरं. याला तारुफ म्हणतात, आणि ते ज्याला जमत नाही तो माणूस कितीही शिकलेला असो, आमच्या लेखी अजून रांगतोच आहे. नमकसरच्या अख्ख्या गावाला ते जमत नाही. तेवढ्यावरून ते गाव बदनाम झालं: हावरं, तोंडाळ, बेमुर्वत, मयताच्या घरी जाऊन भात मागून घेणारं. चोरदरोडेखोरांचं असतं तर एवढं नाव खराब झालं नसतं. चोरांच्या गावी आम्ही मुली दिलेल्या आहेत, नमकसरला दिलेल्या नाहीत.

हूशंग स्वयंपाकघराच्या दाराशी आला. त्याचा चेहरा बघूनच अफसरने, त्याच्या बायकोने, पातेल्याखालचा गॅस बारीक केला.

“थांबला?”

“थांबला.”

“तुम्ही कितीदा म्हणालात?”

“एकदाच. शपथेवर सांगतो, एकदाच.”

अफसरने कपाळावर हात मारला आणि जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर एक ताट वाढवलं.

दिवसही नेमका भलता होता. हूशंगच्या धाकट्या भावाची, बहमनची गाडी कुमच्या रस्त्यावर उलटली त्याला वर्ष झालं होतं. आदल्या दिवशी कबरीवर फातिहा झाला, आणि आज घरातल्या बायकांचे काळे कपडे उतरवायचे होते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने रंगीत कापड हातात दिलं की काळं सुटतं. त्या दोघा भावांची आई तूरान, जिला लहानथोर सगळे अझीज म्हणत, तिच्या उशाशी कापडांचं गाठोडं सकाळपासून बांधून ठेवलं होतं. जेवणं झाली की ते सोडायचं, असं ठरलं होतं.

अफसरने भातावर झिरिश्कचे आंबट लाल दाणे पसरले. मन तिचं भातात नव्हतं. माहरुखने, बहमनच्या विधवेने, नमकसरचा विषय काढल्यापासून अफसर सगळ्यात जास्त रडली होती. ‘तू गेलीस तर या घरात मी बोलू कुणाशी?’ असं तिने माहरुखच्या गळ्यात पडून विचारलं होतं. ते खोटं नव्हतं. पण माहरुख आणि तिची मुलगी गीती राहत होत्या त्या वरच्या दोन खोल्या अफसरच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या, हेही खोटं नव्हतं. तिच्या मुलाचं, कामरानचं, लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी दोनदा गोडीगुलाबीत विचारलं होतं की, दोघं राहणार कुठे. गळ्यात पडून रडता रडता अफसरने वरच्या खिडक्यांना पडदे कुठले लावायचे तेही ठरवून टाकलं होतं, आणि त्याची तिला स्वतःलाच चीड येत होती.

रहमतआगा दस्तरखानावर बसला तो आधी बहमनसाठी फातिहा वाचून. ते त्याने अगदी मनापासून केलं, कुणालाही नाव ठेवायला जागा उरली नाही. मग त्याने बाह्या सरसावल्या.

पातेल्याच्या बुडाशी भाताची जी कुरकुरीत खरवड धरते, ती तहदीग. प्रत्येक घरात ती आधी पाहुण्यापुढे धरतात, पाहुणा ‘छे छे’ म्हणतो, मग ती सगळ्यांपुढे फिरते, आणि शेवटी ज्याच्या नशिबात असते त्याच्याकडे जाते. या घरात ती पंचवीस वर्षं हूशंगच्या नशिबात होती.

“आगा, तहदीग घ्या ना,” अफसर म्हणाली. “तुमच्यासाठीच लावली आहे.”

रहमतआगाने घेतली. सगळीच घेतली. हूशंग ताकाच्या भांड्यात बघत राहिला.

“छान झाली आहे,” रहमतआगा चावत म्हणाला. “एका बाजूने करपली आहे तेवढी.”

गीतीला हसू आलं, तिने डोक्यावरच्या चादरीचं टोक तोंडात धरलं. ती तेरा वर्षांची होती आणि तिने घरात आजवर कुणाला असं बोलताना ऐकलं नव्हतं. अफसरला आधी राग आला, मग तिच्या लक्षात आलं की शेगडीचा उजवा जाळ खरंच मोठा आहे आणि तहदीग एका बाजूने रोजच करपते.

“तर माहरुखखानम येताहेत का?” रहमतआगाने विचारलं.

हूशंगने घसा खाकरला. “आगा, माहरुखखानम म्हणजे आमच्या डोक्यावरचा मुकुट. माझ्या भावाची आठवण. त्यांच्याशिवाय या घराला घरपण ते काय?”

“म्हणजे नाही.”

“नाही कसं म्हणू? तुम्ही एवढ्या लांबून आलात. घर तुमचं, माणसं तुमची.”

“म्हणजे हो.”

“हो-नाही म्हणणारा मी कोण, आगा? मी तर सगळ्यांच्या पायाची धूळ.”

रहमतआगाने घास खाली ठेवला आणि माहरुखकडे वळला. “बाई, तुम्ही पंधरा दिवसांमागे गाव बघून गेलात. सांगायचं राहिलं ते सांगतो, नंतर बोल नको. पाणी खारट आहे. विंचू आहेत. सुईणीच्या घराचं छप्पर गेल्या साली नवं केलं, भिंती जुन्याच आहेत. मुलींची शाळा आठवीपर्यंत, पुढे मिनीबसने जावं लागतं आणि मिनीबस रोज येत नाही. दोन वर्षं सुईण नाही आम्हाला. माझ्या भावाची बायको रस्त्यात बाळंत झाली, जीपमध्ये, मागच्या महिन्यात. मूल राहिलं नाही. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तर मी दुसऱ्या बाईला विचारणार आहे, ती तुमच्याएवढी शिकलेली नाही.”

माहरुख खाली बघून म्हणाली, “तुम्ही निघायच्या आधी सांगते.”

“बरं.”

“जेवण झाल्यावर थोडा आराम करा, आगा,” हूशंगच्या तोंडून निघून गेलं. शब्द सुटले आणि त्याने ओठ चावला.

“करतो,” रहमतआगा म्हणाला. थोड्याच वेळात दिवाणखान्यातल्या गाद्यांवर तो घोरत होता. आता तो उठेपर्यंत घराला निर्णय घ्यायचा होता.

*

सगळे अझीजच्या खोलीत जमले. दार लोटून घेतलं तरी घोरणं ऐकू येत होतं.

हूशंगला आपण वाईट आहोत असं वाटत नव्हतं, आणि तो वाईट नव्हताच. बहमनच्या मागे त्याने माहरुखला काही कमी पडू दिलं नव्हतं. त्याला भीती होती ती बाजाराची. त्याचं गालिच्यांचं दुकान होतं, शेजारी शंभर दुकानं, आणि प्रत्येक दुकानात चहा पीत बसलेलं एक तोंड.

“लोक काय म्हणतील सांगू?” तो म्हणाला. “भावाची माती अजून ओली आहे आणि याने भावजयीला हाकलली. आणि कुठे? तर नमकसरला. कुमला गेली असती, इस्फहानला गेली असती, मी स्वतः सामान पोचवलं असतं.”

“कुमला मला कुणी बोलावलेलं नाही,” माहरुख म्हणाली.

“पण काम करायची गरजच काय? तुम्हाला इथे काय कमी आहे?”

“काही कमी नाही, भाऊजी. अल्ला तुम्हाला बरकत देवो.”

“मग?”

माहरुखने उत्तर दिलं नाही. आपल्याला काय हवं ते सांगणं, तेच तिला जमत नव्हतं.

“आणि गीतीचं काय?” हूशंगने मुद्दा हातात आल्यासारखा आवाज चढवला. “पाचसहा वर्षांत चौकशीला माणसं यायला लागतील. मुलगी कुठे वाढली? नमकसरला. आलेला माणूस चहा न पिता उठेल. आपणच उठलो असतो, खोटं का बोला.”

“ते मात्र खरं आहे हो,” अफसर म्हणाली आणि लगेच माहरुखचा हात धरला. “पण हिच्या मनाचाही विचार करायला हवा. पोरीचा जीव इथे भिंती बघून बघून कोंडतो. आपण अडवून ठेवणं हाही स्वार्थच. माझं काळीज तुटतंय, पण मी म्हणेन, जा.”

हूशंगने बायकोकडे आश्चर्याने पाहिलं. काल रात्रीपर्यंत ही ‘जाऊ नको’ म्हणून रडत होती.

गीती दाराला टेकून उभी होती. दुपारपासून तिच्या डोक्यात ते करपलेल्या तहदीगचं वाक्य घोळत होतं. ते बोलल्यावर काही कोसळलं नव्हतं. माणूस जेवला होता आणि झोपला होता.

“काकू,” तिने विचारलं, “वरच्या खोल्या कामरानदादाला हव्यात का?”

अफसरच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं आणि मग एकदम चढलं.

“हे काय बोलणं झालं? कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही. मी नुसतं विचारतेय.”

“अजून गेली नाहीस तर त्या गावचं वारं लागलं तुला. ऐकलंत? पोर अजून इथेच आहे आणि हे असं. तिथे गेल्यावर काय होईल?” अफसरने माहरुखचा हात पुन्हा घट्ट धरला. “नाही, माहरुख. मी सांगते, तू कुठेही जायचं नाहीस. त्या खोल्या तुझ्या. त्यांना कुणी हात लावला तर मी बघून घेईन. कामरान हवं तर भाड्याच्या घरात राहील, रस्त्यावर राहील.”

“तू आत्ता ‘जा’ म्हणालीस,” हूशंग म्हणाला.

“मी? मी कधी म्हटलं?”

आता तिला मागे फिरणं शक्य नव्हतं. खोल्यांवर आपला डोळा नाही हे सिद्ध करण्यासाठी तिला जीव तोडून भांडावं लागणार होतं, आणि ती भांडली. विंचवांपासून सुरुवात केली, खारट पाण्याने केस गळतात इथपर्यंत आली. उलट हूशंगला खोल्यांचं आत्ता पहिल्यांदाच सुचलं होतं. त्याने मुलाचं लग्न मनाशी जुळवून पाहिलं, आणि त्याचा आवाज नरमला.

“तसं आरोग्य केंद्र सरकारी आहे म्हणा,” तो म्हणाला. “सरकारी नोकरी म्हटल्यावर लोक एवढं बोलत नाहीत.”

“लाज नाही वाटत?” अफसर कडाडली.

“गीती,” अझीज पहिल्यांदाच बोलली, “पाहुणा उठला का बघ. उठला असेल तर चहा दे. हूशंग, तू त्याच्याजवळ बस. अफसर, चहा टाक. माहरुख, तू थांब.”

*

रहमतआगा उठून बसला होता आणि मान खाजवत होता. गीतीने चहा ठेवला, खडीसाखर ठेवली. काका अंगणात तोंडावर पाणी मारत होते, तेवढा वेळ तिला मिळाला.

“आगा, तुमच्या गावच्या मुलींची लग्नं होतात?”

“होतात. गावातल्या गावात. बाहेरचे येत नाहीत. माझ्या बहिणीचं एका काशानच्या मुलाशी ठरत होतं. त्याच्या आईने विचारलं, आवडला का मुलगा? बहीण म्हणाली, हो, फार. मोडलं.”

“का?”

“मुलीने मान खाली घालायची असते म्हणे.”

गीती विचारात पडली. “मग तुम्ही लोक शिकून का नाही घेत? दोनदा तर नाही म्हणायचं असतं.”

“आमचं पाणी पाळीने येतं, पोरी. जमिनीखालच्या पाटाने. पाटवाला येऊन विचारतो, पाणी घेणार का? नाही म्हटलं की तो पुढच्याच्या शेतात सोडतो. परत विचारायला येत नाही. नाही म्हणणाऱ्यांची शेतं कधीच वाळून गेली, आम्ही उरलो ते हो म्हणणारे.” त्याने खडीसाखर दाताखाली धरून चहा ओढला. “पण तू येऊ नकोस माझ्या सांगण्यावरून. करमणूक काही नाही तिथे.”

गीतीला तिथे जावंसं वाटलं असं नाही. विंचवांची तिला भीतीच वाटत होती. पण या माणसाने सांगितलेलं पुन्हा तपासून बघावं लागत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं. काकूने केसांवरून हात फिरवला तरी त्यातला किती खरा, हे ती नेहमी मनात मोजत आली होती. तिला त्या मोजण्याचा कंटाळा आला होता.

*

खोलीत अझीजने गाठोडं सोडलं. वर फिकट पिस्तारंगी कापड होतं.

“हे तुझं,” ती म्हणाली. “घे. आता काळं पुरे.”

माहरुखने कापड मांडीवर घेतलं आणि अझीजच्या हाताचं चुंबन घेतलं. अझीज सत्तरीची होती. बहमन हा तिचा लाडका मुलगा होता आणि ते तिने हूशंगला कधी कळू दिलं नव्हतं, असं तिला वाटत असे.

“तुला काय हवंय?” तिने विचारलं. “मला कळत नाही म्हणून विचारते. हूशंगने विचारलं तेव्हा तू गप्प बसलीस.”

“मला काम करायचंय, अझीज. मी ते शिकले आहे. लग्नाआधी मी दोन वर्षं केलं. रात्री-अपरात्री उठून जायचे. मूल रडलं की मला...” ती थांबली. “मला ते आवडायचं.”

“मग सोडलंस का?”

माहरुखने वर पाहिलं. अझीज थट्टा करते आहे का, ते तिला कळेना.

“तुम्हीच सांगितलंत.”

“मी?”

“लग्न होऊन महिना झाला असेल. मी रात्रभर जागून घरी आले होते. तुम्ही मला चहा दिलात आणि म्हणालात, कशाला दमतेस, पोरी, घरात तुला काय कमी आहे?”

“हो. म्हणाले असेन.”

“दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला.”

अझीजने गाठोडं बाजूला सारलं.

“अगं, ते म्हणायचं असतं,” ती हळू म्हणाली. “सून दमून आली तर सासूने काय म्हणायचं? जा परत, म्हणायचं? तू म्हणायला हवं होतंस, नाही अझीज, मी नाही दमत. मी परत म्हटलं असतं, तू परत नाही म्हणाली असतीस. तिसऱ्यांदा मी म्हटलंच नसतं. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं का?”

“शिकवलं होतं. पण तुम्ही सासू होतात. मला वाटलं, यांना नोकरी सोड असं सांगायचंय आणि भलेपणाने फिरवून सांगताहेत. उलट बोलले तर तुम्हाला उघड सांगावं लागेल, तुमची पंचाईत होईल. म्हणून मी ती वेळच येऊ दिली नाही.”

“पंधरा वर्षं?”

“पंधरा वर्षं.”

“मी गल्लीत सांगत फिरत होते, माझी सून सुईण आहे,” अझीज म्हणाली. “सरकारी दाखला आहे तिच्याकडे. शेजारच्या नाझनीनच्या सुनेला दिवस गेले होते तेव्हा मी शब्द देऊन बसले होते की माहरुख बघेल. आणि तू घरी बसलीस. मला वाटलं, पोरगी आळशी निघाली. बहमनलाही मी एकदा तसं म्हणाले.”

“तो काय म्हणाला?”

“तो म्हणाला, तिला आराम हवा असेल तर असू दे.”

माहरुखला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने तिने पिस्तारंगी कापडात तोंड खुपसलं. त्या भल्या माणसाने तिला कधी विचारलं नव्हतं, कारण त्याला वाटे की विचारलं तर तिला कामाला जा म्हटल्यासारखं होईल. तिने त्याला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या आईची तक्रार केल्यासारखं झालं असतं. तिघंही एकमेकांना जपत होती. घरात कुणाचा आवाज कधी चढला नव्हता, आणि गल्लीत त्यांच्या घराचा दाखला देत असत.

“अझीज, आता तुम्ही मला सांगा,” ती डोळे पुसून म्हणाली. “मी जाऊ की राहू? पण एकदाच सांगा, आणि मनात असेल तेच. मी त्यातून काही काढत बसणार नाही. आता तेवढी ताकद नाही माझ्यात.”

‘तुझ्या मनाला येईल ते कर, मी आहे किती दिवसांची’ हे वाक्य अझीजकडे तयार होतं. ते तिने कितीदा तरी वापरलं होतं. या वेळी ते तिच्या जिभेवर फिरलं आणि तिला त्याची चव आवडली नाही.

“अझीज,” बाहेरून अफसरची हाक आली, “आगा निघायचं म्हणताहेत.”

*

दिवाणखान्यात रहमतआगा उभाच होता. जीपचा ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होता.

“बसा ना, आगा, अजून एक चहा,” हूशंग म्हणाला, आणि घाईने, “म्हणजे, उशीर होत असेल तर राहू द्या.”

“होतोय,” रहमतआगा म्हणाला. “तर बाई, काय ठरलं?”

माहरुखने अझीजकडे पाहिलं. अझीज दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने पाहुण्याकडे पाहिलं नाही, मुलाकडेही नाही.

“जाऊ नकोस,” ती माहरुखला म्हणाली. “मला तू हवी आहेस. मुलगा गेला तेव्हापासून सकाळी जिन्यावर तुझा पाय वाजला की मगच मी अंथरुणातून उठते. गीतीच्या लग्नाचं वगैरे मला काही नाही. लोकांचं काही नाही. मला तू हवी आहेस, म्हणून जाऊ नकोस.”

परक्या माणसासमोर एवढं बोललेलं हूशंगने आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला.

पंधरा वर्षं या घरात माहरुखला मुकुट म्हटलं होतं, डोळ्यांतली बाहुली म्हटलं होतं, पायघड्या घातल्या होत्या. ‘हवी आहेस’ असं कुणी म्हटलं नव्हतं. हे सकाळी ऐकलं असतं तर ती राहिली असती, असं तिने पुढे गीतीला सांगितलं, एकदा नाही, बरेचदा. पण मधे दुपार गेली होती. आपल्याला कधी कुणी अडवलंच नव्हतं, आपणच स्वतःला अडवून बसलो होतो, हे तिला त्या दुपारी कळलं होतं. ते कळल्यावर पुन्हा जिना चढून वर जायचं, या प्रेमापोटी जायचं, आणि मग कुठल्या तरी रस्त्यावर जीपमध्ये कुणी बाई तळमळत असेल असं रात्री ऐकत पडायचं, हे तिच्याने होणार नव्हतं.

“अझीज, माझा तुमच्यावर जीव आहे,” ती म्हणाली. “आणि मी जाणार आहे.”

बाहेर हॉर्न वाजला. अफसरने चादरीचं टोक तोंडाला लावलं. वरच्या खोल्या आता रिकाम्या होणार होत्या आणि ती खरीखुरी रडत होती. गीती आईजवळ जाऊन उभी राहिली.

सगळे अझीजकडे बघत होते. रीत सगळ्यांना पाठ होती. आता अझीजने दुसऱ्यांदा म्हणायचं, माहरुखने जरा कचरत नाही म्हणायचं. मग अझीजने तिसऱ्यांदा म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा म्हटल्यावर कुठली सून जाते? पंधरा वर्षांत या सुनेने सासूचं पहिलं म्हणणंसुद्धा खाली पडू दिलं नव्हतं. अझीजला अजून दोनदा तोंड उघडायचा अवकाश होता.

“म्हणा ना, अझीज,” अफसर हुंदके देत पुटपुटली. “अजून एकदा म्हणून बघा. राहील ती.”

“नाही,” अझीज म्हणाली. “तिने सांगितलं ना.”

आणि ती रहमतआगाकडे वळली आणि नमकसरच्या त्या घरात खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते विचारू लागली.